सतरा एकर गवताचं काय द्यायचं

“...ते सगळं खरं, बुवा. पण सतरा एकर गवत कापायचं द्यायचं किती? मला एक आकडा सांगा.”

शितोळेसाहेब मठीच्या पायरीवर बसले होते आणि पायमोज्यांत घुसलेली कुसळं एकेक करून उपटत होते.

बुवा म्हणाले, “कुणाला द्यायचं?”

“जो कापील त्याला.”

“कोण कापील?”

“ते आकड्यावर ठरेल.”

बुवांनी मान हलवली. त्यांच्या मांडीवर सूप होतं. वरईतले खडे ते निवडत होते. एक खडा सापडला. तो त्यांनी उजेडात धरून पाहिला आणि जपून बाजूला ठेवला, जणू कुणी तो मागायला येणार होतं.

मी खाली अंगणात जोत्याला टेकून बसलो होतो. दुधाची किटली, विळा आणि गवताची एक पेंढी, एवढं माझ्याजवळ होतं. बुवांच्या अंथरुणातलं गवत दर कार्तिकात बदलायचं असतं. ते मी आणतो.

सुखगिरीबुवा म्हणजे आमच्या पठारावरचे गोसावी. तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे. घाट चढून आलं की डाव्या अंगाला त्यांची मठी, एक खोली आणि एक पडवी. ते कुणाला मंत्र देत नसत. आलेल्याला दूध देत. मला मात्र त्यांनी साठी उलटल्यावर अक्षरं दिली, पाटीवर. त्याच अक्षरांनी हे लिहितो आहे. मी कोंडिबा ढेबे, म्हशीवाला.

शितोळेसाहेब, नाव रणधीर, पुण्याचे. तीस वर्षं एका मोठ्या कारखान्याच्या खरेदी खात्यात काढलेली. खिळ्यापासून क्रेनपर्यंत कशाचाही भाव तोंडपाठ. दोन वर्षांमागं त्यांनी पठारावरचा सतरा एकरांचा माळ घेतला, घर बांधलं, तारेचं कुंपण घातलं. दर रविवारी मठीत येत. बुवांना गुरू म्हणत. बुवा काही म्हणत नसत.

साहेबांनी खिशातून कागद काढला. त्यावर पट्टीनं तीन रकाने आखलेले.

“हा पहिला, मशीनवाला. एकरी अडीच हजार. साडेबेचाळीस हजार होतात. पाच दिवसांत माळ साफ. पण गवताचा भुगा होतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.”

“बरं.”

“हा दुसरा, औषधवाला. पाठीवर पंप घेऊन चारजण येणार. एकरी अकराशे. अठरा हजार सातशे. गवत मुळातून मरणार. दोन वर्षं डोकं वर काढणार नाही.”

“दुसरं काही काढील?”

“काय?”

“डोकं.”

साहेब हसले. बुवा हसले नाहीत. ते खडे शोधत होते.

“उद्या सकाळी येतोय तो,” साहेब म्हणाले. “मी हो म्हणून टाकलंय जवळजवळ. तुमच्या कानावर घालायला आलो.”

माझा हात विळ्याच्या मुठीवर होता. तो तिथंच राहिला.

माळाचा उतार ओढ्याकडे आहे. ओढ्यावर माझ्या म्हशी पितात. मठीची घागरही तिथंच भरते. आणि गवत दोन वर्षं उगवणार नाही म्हणजे माझ्या गोठ्यातल्या पाच म्हशींनी दोन उन्हाळे काय खायचं? म्हशी बाजारात न्यायच्या, दुसरं काय. नेल्या की परत येत नाहीत... मी हे मनात बोललो.

बुवांनी विचारलं, “आणि तिसऱ्या रकान्यात?”

“तिसरा कोरा आहे.”

“का?”

“तिसरा हा.” साहेबांनी माझ्याकडे बोट केलं, कुसळ धरलेलंच. “काल रस्त्यात भेटला. म्हटलं, किती घेशील माळाचं? म्हणाला, काही नको. बुवा, तीस वर्षं मी माल घेतला. एक शिकलो. काही नको म्हणणारा माणूस सगळ्यांत महाग पडतो.”

“पडतो खरा,” बुवा म्हणाले.

“बघा!”

“मलाही फार महाग पडला आहे तो.”

साहेबांना ते उमगलं नाही. मलाही नाही. मी खाली बघितलं.

बुवांनी मला खूण केली. मी किटलीतून दोन कप भरले. भरले म्हणजे अर्धे अर्धे. किटलीत तेवढंच होतं.

साहेबांनी कप हातात घेतला आणि आत बघितलं.

“पहिल्या वर्षी काठोकाठ असायचा,” ते म्हणाले. “मठीचं दूध कमी झालं का, बुवा?”

बुवा पुन्हा खडे निवडू लागले.

साहेब दूध प्याले. मिशी पुसली. आणि मग माझ्याकडे न बघता बोलले, पण मलाच.

“याच्यावर विश्वास कसा ठेवायचा? मागच्या कार्तिकात हाच आला होता माझ्या दारात. पेंढी घेऊन. मोठी होती, चांगली बांधलेली. मला वाटलं, नवीन शेजारी म्हणून भेट आणली. मी शंभर रुपये दिले. नको नको करत होता. खिशात घातले याच्या. पेंढी गाडीच्या डिकीत टाकायला सांगितली. गेला, तो गेलाच! फिरकला नाही. गावातला दुसराही कुणी येईना. वाट बघत बसलो. गवत छातीएवढं उभं, वाळून कोळ. फाल्गुनात खालून वणवा आला...”

ते थांबले.

“दोनशे बारा झाडं होती, बुवा. खड्डे मी माझ्या हातानं घेतले होते. हातानं. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी विकत न घेता केलं होतं मी. नऊ उरली.”

अंगणात चंडोल बोलत होता. तोही थांबला, असं मला वाटलं.

मला ती झाडं ठाऊक होती. फणस होते, हिरडे होते. कुंपणाबाहेरून मी बघायचो. साहेब एकेकाला तांब्यानं पाणी घालायचे आणि पाण्याशी काहीतरी बोलायचे.

बुवांनी सूप खाली ठेवलं.

“कोंडिबा, घेतलेस शंभर?”

“खिशात घातलं त्यांनी.”

“मग?”

“मग आलो.”

“का आलास?”

बुवांनी वाट बघितली. बुवांना वाट बघता येते. आमच्या म्हशींनाही येते, माणसांना क्वचित.

शेवटी मी म्हणालो, “मालकानं पैसं दिलं, बुवा.”

बुवांनी डोळे मिटले. “अरेरे,” म्हणाले. एवढंच.

साहेब पायरीवरून उठले. “म्हणजे? पैसे दिले म्हणून गेला? अहो, पैसे दिले तर माणूस येतो! पैसे दिले तर माणूस जातो, हे कुठल्या गावात?”

“या गावात,” बुवा म्हणाले.

ते आत गेले. पणतीच्या कोनाड्यात त्यांचा हात चाचपत होता, ते बाहेर ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा हातात शंभराची एक नोट होती. वर्षभराच्या काजळीनं एका अंगाला काळी झालेली.

“मागच्या कार्तिकात यानं ठेवली. म्हणाला, असू द्या, कुणाची तरी हाय. मी विचारलं नाही. हे माझं चुकलं.” त्यांनी नोट साहेबांच्या हातात दिली. “तुझी आहे का बघ.”

साहेब नोटेकडे बघत राहिले.

“यानं... वापरलीच नाही?”

“कोंडिबा, सांग त्याला.”

“सांगायचं काय त्यात, बुवा? समद्यांला ठाव असतंय.”

“त्याला नाही ठाऊक.”

मला खरंच तोवर हे सुचलं नव्हतं. पठारावर जन्मलेल्याला ते सांगावं लागत नाही. आईच्या दुधासारखं येतं. मी पहिल्यांदाच ते बोलून दाखवलं, आणि बोलताना मलाच ते नवीन वाटलं.

“माळ ज्याचा, पयली पेंढी त्याची. कापणारा ती कापतो, मालकाच्या दारात आणतो. मालक ती आपल्या डोक्यावर घेतो, आणि चालत नेऊन कापणाऱ्याच्या गोठ्यात टाकतो. म्हंजी गवत दिलं. मग आमी समदा माळ कापून द्यायचा. मजुरी न्हाई, काय न्हाई. गवत आमचं, मोकळा माळ मालकाचा.”

“आणि मालकानं पेंढीचे पैसे दिले तर?”

“तर त्यानं ती इकत घेतली. म्हंजी गवत कुणाला द्यायचं न्हाई त्याला. मग त्या माळाला कुणी इळा लावायचा न्हाई.”

“कुणीच?”

“पठारावर कुणीच न्हाई.”

साहेब मटकन बसले.

“तुमच्या आधीचे मालक बर्वेमास्तर,” मी म्हणालो. “वाईवरनं यायचे कार्तिकात. टोपी काढून पेंढी घ्यायचे. गोठ्यात टाकायचे, ताक प्यायचे, जायचे. तीस वर्सं. एक शबूद बोलायला लागला न्हाई.”

“अरे पण मला सांगायचं होतंस! तिथंच! माझ्या दारात!”

मी खरं ते सांगितलं, कारण बुवा बघत होते.

“मला वाटलं, एवढा मोठा माणूस. त्याला ठाव असंलच. ठाव असून करतोय. आपल्याला हाकलतोय.” माझा आवाज बारीक झाला. “राग आला, साहेब. घरी गेलो आन् कारभारणीला म्हणालो, न्हाई तर न्हाई, त्याचा माळ त्याला लखलाभ.”

“आणि म्हशी?” बुवांनी विचारलं.

“नऊ होत्या.”

“आता?”

“पाच.”

साहेबांनी रिकाम्या कपाकडे पाहिलं. अर्ध्यावर दुधाची रेघ सुकली होती. रेघेवर अंगठा फिरवला.

बुवा म्हणाले, “एकाची झाडं गेली. एकाच्या म्हशी गेल्या. दोघं सकाळ-संध्याकाळ एकाच रस्त्यानं जाता. शंभर रुपयांत पुष्कळ आलं.”

ऊन पायरीवर चढलं.

मग साहेबांनी कागद पुन्हा उघडला. पेन काढलं. मला बरं वाटलं. माणूस आपल्या हत्याराला हात घालतो तेव्हा तो सावरलेला असतो.

“ठीक आहे. चूक झाली. दोघांचीही, पण माझी आधी. औषधवाला रद्द. गवत तुझं. आणि वर वीस हजार देतो.”

“न्हाई, साहेब.”

“पंचवीस.”

“न्हाई.”

“तीस! अरे, चार म्हशींचं नुकसान झालंय तुझं.”

“दोन्ही हात भरायचं न्हाईत. गवत घेतलं तर मजुरी न्हाई.”

“पस्तीस घे. शेवटचं.”

बुवांना हसू आलं. पोट धरून हसले म्हातारे. “अरे रणधीर, खरेदी खात्यात असं कधी झालं होतं का? घेणाराच वर वर चढतोय आणि देणारा खाली उतरेना.”

मलाही हसू आलं. साहेबांना नाही आलं. ते चिडले. गोऱ्या माणसाचे कान चिडल्यावर लाल होतात, तसे झाले.

“मग मी करू काय? फुकट कापून घेऊ? बुवा, माझ्या बापानं कुणाचं फुकट घेतलं नाही. मी घेतलं नाही. शितोळे कुणाचं फुकट घेत नाहीत.”

“नाही घेत?”

“नाही.”

“आणि दूध?”

“ते... ते मठीचं आहे. तुम्ही देता.”

बुवांनी अंगणभर नजर फिरवली. तुळस, चूल, सरपण, झिजलेला पाटा.

“मठीत म्हैस कुठं आहे, रणधीर?”

साहेबांनी माझ्या रिकाम्या किटलीकडे बघितलं.

दोन वर्षांचे रविवार. पहिल्या वर्षी काठोकाठ, दुसऱ्या वर्षी अर्धा. ते मनात मोजत होते की काय, कोण जाणे. मी तरी कधी मोजलं नव्हतं. बुवांना दूध द्यायचं, ते ज्याला देतील त्याला देतील. बुवा काय एकट्यानं पितात?

“तुम्ही मला सांगायचं तरी,” साहेब हळू म्हणाले.

“आज सगळे हेच म्हणतायत,” बुवा म्हणाले.

आणि ते उठले. पायऱ्या उतरले, माझ्याजवळ आले, वाकले, आणि त्यांच्या अंथरुणासाठी मी आणलेली पेंढी उचलून त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवली.

मी उभा राहू लागलो. त्यांनी डोळ्यांनीच मला बसवलं.

त्र्याऐंशी वर्षांचा माणूस. मानेच्या दोऱ्या ताठ झालेल्या. गवत कपाळावरून डोळ्यांवर लोंबतंय. आणि मी बसलेला. माझ्या आयुष्यात मला एवढं बसणं जड गेलं नाही.

“बुवा, हे काय?” साहेब म्हणाले. “खाली ठेवा.”

“का?”

“शोभत नाही.”

“कुणाला?”

“दुखतंय का?” साहेबांनी विचारलं.

“नाही. टोचतंय.”

“मग ठेवा ना!”

“मी कुठं काय म्हणतोय? तू बस. आकडा काढ.”

साहेब बसले नाहीत. उभे राहिले. एकदा रस्त्याकडे बघितलं, कुणी येतंय का म्हणून. कोणी येत नव्हतं. एकदा माझ्याकडे बघितलं. डोक्यावर त्यांची उन्हाची मोठी टोपी होती, विलायती, दोरीची. तिची दोरी त्यांनी हनुवटीखालून सोडवली. टोपी काढली. काखेत धरली. मग पायरीवर ठेवली.

टोपीखाली साहेब एवढे म्हातारे असतील असं मला वाटलं नव्हतं.

ते बुवांसमोर गेले आणि मान वाकवली.

“द्या.”

तोंडाला आलेलं मी गिळायला हवं होतं. पण माझ्यानं राहवेना.

“बुवा... ही पेंढी त्यांच्या माळाची न्हाई. ओढ्याकाठची हाय. ही चालायची न्हाई.”

बुवांनी गवताच्या झिरमिळ्यांतून माझ्याकडे बघितलं.

“तूही एक खरेदी खातंच आहेस, कोंडिबा,” ते म्हणाले. “विळा कशाला आणलायस मग? जा दोघं. ही माझी मी नेतो.”

आणि पेंढी डोक्यावर घेऊन ते आत गेले, आपलं अंथरूण करायला.

आम्ही दोघं निघालो. साहेबांनी कुंपणाचं फाटक उघडलं. वर्षभरात मी पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. गवत लालसर पिवळं झालेलं, बी गळलेलं, वाऱ्याबरोबर सगळा माळ एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळायचा. मी नमस्कार केला. साहेबांनी बघितलं, आणि त्यांनीही केला, जरा अवघडून.

मी पार मधोमध चालत गेलो. साहेब मागं मागं.

“इथंच कडेला काप की. एवढं आत कशाला?”

“मधनं सुरू करायचं असतंय, साहेब. ससं असतात, लावं असतात. कडेनं कापत आत आलं तर ती मधी कोंडतात. मधनं कापत भाईर गेलं की त्यांना भाईर जायाला वाट ऱ्हाती.”

साहेब थांबले. “मशीनवाला कडेनं येणार होता,” म्हणाले.

मी बसलो. मूठभर धरलं, विळा फिरवला. वर्षभर हाताला ते गवत लागलं नव्हतं. वास आला. काय सांगू... मला थोडा वेळ दिसेना. घाम असेल.

पेंढी बांधली. गवताचाच पीळ देऊन आवळली. नेहमीपेक्षा जरा मोठी बांधली. खरं सांगतो, थोडा खोडसाळपणा होता त्यात.

मग रीतीप्रमाणे मी ती त्यांच्या दारात नेली. साहेब धावत पुढं गेले, दार उघडलं, आत गेले, आणि मी आल्यावर पुन्हा बाहेर आले, आत्ताच भेटल्यासारखे. कुणी त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं.

“ये, कोंडिबा,” म्हणाले.

“पेंढी आनलीया, मालक.”

ते वाकले. मी डोक्यावर चढवली. एक पाय डगमगला, मग सावरला.

माझा गोठा तिथून अर्धा कोस. वाटेत दोन शिंका, एक ठेच. “अजून किती?” असं ते तीनदा म्हणाले. दोनदा मी “आलंच” म्हणालो. तिसऱ्यांदा खरंच आलं होतं.

कारभारीण दारात होती. तिनं बघितलं. पदर तोंडाला लावला आणि आत पळाली. साहेबांना वाटलं हसली. हसली नव्हती.

गोठ्यात शिरल्याबरोबर आमची चांदी म्हैस, म्हातारी आहे, रीतभात कळते तिला, ती पुढं झाली आणि साहेबांनी पेंढी खाली टाकायच्या आत त्यांच्या डोक्यावरूनच तिनं घास ओढला. पेंढी सुटली. सगळं गवत साहेबांच्या तोंडावर, गळ्यात, सदऱ्यात. चांदी सावकाश खात राहिली, त्यांच्या खांद्यावरून.

साहेब हलेनात.

“मारते का ही?”

“न्हाई, मालक. वळखती.”

मग ते हसायला लागले. असे हसले की गोठ्यातल्या पाचही म्हशींनी मान वर केली. हसता हसता खाली शेणात बसले आणि डोळे पुसत राहिले. बराच वेळ पुसत राहिले. मी दुसरीकडे बघितलं.

ताक प्याले. दोन तांबे. पैशाचं नाव काढलं नाही. एकदा हात खिशाकडे गेला होता, पण वाटेतूनच परत आला.

आमच्याकडे फोनला रेंज फक्त गोठ्यामागच्या खडकावर येते. साहेब गवतासकट खडकावर चढले. त्यांचा आवाज खालपर्यंत येत होता.

“हां, शितोळे बोलतोय. उद्या येऊ नका... नाही, नाही. कमी करायचा प्रश्न नाही... दुसऱ्याला दिलं... किती म्हणजे?”

इथं ते थांबले.

“ते अजून कळलं नाही,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पठारावरचे चौदाजण माळात उतरलो, बाया-पुरुष मिळून. आज माझं, उद्या तुझं, अशी आमच्याकडे एकमेकांच्या कामाला जायची चाल आहे. सव्वीस दिवस लागले. मधून कडेकडे गेलो. तीन ससे गेले, लाव्यांचे थवे गेले, एक धामण गेली, तिला तर साहेबांनी “या, या” म्हणून वाट दिली. उरलेल्या नऊ झाडांभोवतीचं गवत साहेबांनी स्वतः कापलं, माझ्या विळ्यानं. बोट कापून घेतलं. त्यावर बांधलेली चिंधी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत.

कुंपणाच्या कडेनं आम्ही दोन पुरुष रुंदीचा पट्टा पार तासून काढला, वणव्याला पाय ठेवायला जागा नको म्हणून. माझं गोठ्यावरचं माचाण भरलं. इतरांचंही भरलं. किती महिन्यांनी रात्री मला झोप लागली, आणि सकाळी उठून मी माचाणाकडे बघून पुन्हा निजलो. एवढंच सुख असतं गरिबाचं. ते पुष्कळ असतं.

काळी पडलेली ती नोट साहेबांनी मोडली नाही. खिशात ठेवतात म्हणे.

कापणी संपली त्या रविवारी आम्ही दोघं मिळूनच मठीत गेलो. किटली मी भरून नेली होती. म्हशी पाचच, पण पोटभर खाल्लेल्या.

बुवा पायरीवर. मांडीवर सूप. तीच वरई.

मी कप भरले. काठोकाठ.

साहेबांनी कप घेतला, आणि पिण्याआधी माझ्याकडे बघून मान लववली. तोंडानं काही बोलले नाहीत. पठारावर दोन वर्षं राहून माणूस एवढं शिकतो.

थोड्या वेळानं त्यांनी तो तीन रकान्यांचा कागद काढला. घड्यांवर फाटायला आला होता. तिसरा रकाना अजून कोराच.

“बुवा,” साहेब म्हणाले, “त्या दिवशी मी एक आकडा विचारला होता. तुम्ही सांगितलाच नाहीत. कोंडिबा सांगत नाही. मीही पुष्कळ डोकं चालवलं... सतरा एकरांना शेवटी लागलं किती?”

बुवांनी सूप बाजूला ठेवलं. साहेबांकडे बघितलं. बघतच राहिले.

मग जरा पुढं वाकले. साहेबांच्या कानामागं, पांढऱ्या केसांत, एक कुसळ अडकलं होतं.

साहेबांच्या लक्षात आलं. त्यांचा हात ते काढायला वर गेला.

बुवांनी तो हात मधेच धरला.

“असू दे,” बुवा म्हणाले. “सतरा एकरांतलं तेवढं तुझं.”